ब्रीडाच्या भिंतीवरचा हमिंगबर्ड

माझ्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही! हे मी म्हणत नाही, माझी कंपनी म्हणते. हृदयापर्यंत सरकवायच्या, शेवयांसारख्या बारीक नळ्या डब्लिनजवळ क्लोनडॉकिनच्या आमच्या कारखान्यात बनतात. त्यांच्यावर मुंगीच्या पायाएवढाही ओरखडा नाही ना, हे बघायचं काम माझं. दहा वर्षं भिंगातून बघतोय. जिऱ्यातला खडा मला फोडणी पडायच्या आधी दिसतो! तेव्हा ऑगस्टमध्ये मी ठरवलं की हमिंगबर्डचा असा फोटो काढायचा, की हर्षवर्धनची बोलती बंद झाली पाहिजे, तर त्यात अवघड काय होतं?

हर्षवर्धन म्हणजे आमच्यापासून चौथ्या घरात राहणारा. सिटीवेस्टला आमची इस्टेट आहे. इथे घरांच्या वसाहतीला इस्टेट म्हणतात. पुण्याला आईशी फोनवर बोलताना 'आमच्या इस्टेटीत' म्हटलं की तिला फार बरं वाटतं, म्हणून मी कधी उलगडा केला नाही. तर हर्षवर्धन सॉफ्टवेअरमध्ये आहे. माणूस वाईट नाही. हाच तर त्रास आहे! वाईट असता तर उघड नावं ठेवता आली असती. तो माझ्यानंतर चार वर्षांनी आयर्लंडला आला आणि माझ्याआधी घर घेतलं. मी गाडी घेतली, त्याने विजेची घेतली. मी दाढी वाढवली तर लोक विचारायचे, 'बरं नाही का?' त्याने वाढवली तर 'काय रुबाबदार दिसतोस रे!'

एकच गोष्ट माझी होती. गणेशोत्सवात आमचं मराठी मंडळ सभासदांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवतं. हॉलमध्ये पाऊल टाकल्याबरोबर समोर दिसते ती मधली भिंत. सलग सहा वर्षं त्या भिंतीवर माझे हंस! क्लोनडॉकिनच्या कालव्यातले हंस पोहताना, हंस झोपताना, हंस सँडविच खाताना!

आणि जूनमध्ये हर्षवर्धन बायकोला, गिरिजाला घेऊन कोस्टा रिकाला गेला.

परत आल्यावर त्याने सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. पुलाव वाढायच्या आधी टीव्हीवर फोटो सुरू! टीव्ही म्हणजे काय, भिंतच. त्या भिंतीवर एकेक हमिंगबर्ड कोंबडीएवढा! हिरवा, जांभळा, गळ्याशी माणिक चमकतंय, पंखांचं एकेक पीस मोजून घ्या.

"पहाटे चारला उठायचो," हर्षवर्धन सांगत होता. "चिखलातून चालत जायचो. मग तास-तास हलायचं नाही. जंगलात पक्षी तुमच्यासाठी थांबत नाही, तुम्ही त्याच्यासाठी थांबायचं."

"याला म्हणतात तपश्चर्या!" सुमेधा म्हणाली. सुमेधा म्हणजे माझी बायको. माझी! मी हंसांसाठी डिसेंबरात कालव्याकाठी दोन तास उभा होतो तेव्हा ती म्हणाली होती, "मफलर कुठे घालवलास?"

मंडळाच्या अध्यक्ष अलकनंदाताईंनी हातातली ताटली खाली ठेवली आणि माझ्याकडे वळल्या.

"गुरुनाथ, यंदा मधली भिंत हर्षवर्धनला देऊ या हं. तुमचे हंस पॅसेजमध्ये लावू."

"कुठल्या पॅसेजमध्ये?"

"तोच हो, टॉयलेटकडे जाणारा. तिथे काय कमी लोक येतात?"

"उलट तिथे रांगेत उभं राहून नीट बघतात," सुमेधा म्हणाली.

मी हसलो. अगदी मोठ्याने हसलो. पोटात मात्र कुणीतरी मिरचीचा ठेचा वाटत होतं!

त्यानंतर दीड-दोन महिने मी धुमसत होतो. हर्षवर्धन रस्त्यात भेटला की 'काय, ग्रँड ना?' असं आयरिश पद्धतीने विचारायचा, आणि मी 'ग्रँड, ग्रँड' म्हणून दात दाखवायचो. रात्री स्वप्नात हमिंगबर्ड यायचे आणि माझ्या हंसांना टोचायचे.

मग ऑगस्टमधला तो सोमवार उजाडला. संध्याकाळी शेजारच्या ब्रीडाने हाक मारली. ब्रीडा अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी राहते, चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. "वरच्या प्रेसमधली बरणी काढून देतोस का?" म्हणाली. प्रेस म्हणजे कपाट. पहिल्या वर्षी मी तिच्या घरभर इस्त्री शोधली होती. बरणी काढून मी मागच्या दाराशी चहा घेत उभा राहिलो. तिच्या परसातल्या दगडी भिंतीवर गुलाबी फुलांचे गुच्छ माजलेत. आणि त्या फुलांसमोर, हवेत, काहीतरी थांबलं होतं!

उडत नव्हतं हो, थांबलं होतं! पंखांचा नुसता धूर. बारीक भुणभुण. पोट करडं, मागे पिसांचा झुपका, पंखांत नारिंगी झाक, आणि पुढे लांबच लांब चोच! ती चोच फुलात खुपसायची, एक घोट घ्यायचा, सुईसारखं मागे सरायचं, पुढचं फूल!

माझ्या हातातला कप खाली पडला.

"आह, युअर मॅन!" ब्रीडा म्हणाली. "रोज येतो की तो. आठवडा झाला."

आयर्लंडमध्ये पोस्टमन असो, कुत्रा असो की देशाचा पंतप्रधान, सगळे 'युअर मॅन'च असतात. त्यामुळे या युअर मॅनचं नाव-गाव तिला विचारावं, असं मला सुचलंच नाही. विचारायचं काय त्यात? मला दिसत नव्हतं का?

घरी पळत जाऊन कॅमेरा आणेपर्यंत तो गेला होता. मी इंटरनेटवर शोधलं. 'युरोपात हमिंगबर्ड आढळत नाहीत.' वाचून मला आनंदाने घाम फुटला. आढळत नाहीत, म्हणजे आतापर्यंत कुणालाच आढळले नव्हते! पहिला मी!

"डॅड, आर यू शुअर इट्स अ बर्ड?" माझी मुलगी निधी म्हणाली. वय चौदा. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डब्लिनच्या इंग्रजीत.

"निधी, मी हृदयाच्या नळ्या तपासतो."

"ओके, बट..."

"पक्षी आहे!"

आता खरं तर गप्प बसून फोटो काढायचा. पण सहा आठवडे साठलेला ठेचा बोटांत उतरला होता. मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'हमिंगबर्ड बघायला काहींना विमानाने जावं लागतं. काहींकडे हमिंगबर्ड स्वतः येतो. फोटो लवकरच!'

एका मिनिटात अठ्ठावीस जणांनी वाचलं. हर्षवर्धनने विचारलं, 'काय सांगतोस! इथे? कुठे दिसला?' अलकनंदाताईंनी लिहिलं, 'गुरुनाथ, खरं असेल तर मधली भिंत तुमची. पण रविवारपर्यंत फोटो पाहिजे, छपाईला द्यायचाय.'

मधली भिंत! मी मोबाइल छातीशी धरून सोफ्यावर आडवा झालो. ब्रीडाच्या भिंतीचं मात्र मी सुमेधालाही सांगितलं नाही.

मंगळवारी तो आला. मी चारशे फोटो काढले. चारशेही फोटोंत फुलं सुरेख आली. बुधवारी तो आला, मी जवळ गेलो, तो पळाला. मला हर्षवर्धनचं वाक्य आठवलं, हलायचं नाही! पण माणूस दिसला की पक्षी बिचकणारच. म्हणून गुरुवारी मी माळ्यावरून निधीच्या शाळेतल्या नाटकाचा पोशाख काढला. त्या नाटकात ती झाड झाली होती. अंगाला तपकिरी कापड, डोक्यावर हिरव्या फोमचा डेरेदार गोळा, चेहऱ्याला भोक.

"डॅड, यू लुक लाइक ब्रॉकली," निधी म्हणाली. "प्लीज डोन्ट गो आउट. आय विल बी मॉर्टिफाइड."

ब्रीडाने मात्र मला तसं बघून फक्त एवढंच विचारलं, "चहात साखर घेतोस ना अजून?"

आणि त्याच गुरुवारी भिंतीवरून बघतो तर काय, पलीकडच्या पायवाटेवरून हर्षवर्धन चाललाय! खांद्याला कॅमेऱ्याची बॅग! मान वर करून प्रत्येक झुडुपात बघतोय! मी श्वास रोखून झाडासारखा उभा राहिलो. तो गेला, पण माझ्या जिवाचं पाणी झालं. उद्या हा इथे येईल, त्याची तोफेएवढी लेन्स लावेल, आणि माझा पक्षी, माझ्या शेजारणीच्या भिंतीवरचा, त्याच्या नावाने मधल्या भिंतीवर चढेल!

रात्री त्याचा फोन आला.

"गुरू, सांग ना यार. मी फोटो नाही काढणार, नुसता बघणार. मला खरंच बघायचाय."

काढणार नाही म्हणे! आणि माझ्या तोंडून, देवाशपथ सांगतो, ठरवून नाही, पटकन निघून गेलं, "शॅनन."

"शॅनन? विमानतळावर?"

"विमानतळाजवळ औद्योगिक वसाहत आहे ना, तिच्या मागे. कुंपणापाशी झुडुपं आहेत. मी कामासाठी गेलो होतो तेव्हा दिसला."

सिटीवेस्टपासून शॅनन म्हणजे देशाचं दुसरं टोक! जायला सव्वादोन तास, यायला सव्वादोन. शनिवार मोकळा! फोन ठेवून मी शीळ घातली.

"काय झालं?" सुमेधाने विचारलं.

"काही नाही. ग्रँड."

माझी चूक एवढीच, की हर्षवर्धन वाईट माणूस नाही हे मी विसरलो. वाईट माणूस एकटा गेला असता. त्याने ग्रुपवर लिहिलं, 'गुरुनाथने मोठ्या मनाने जागा सांगितली आहे! शनिवारी सहल काढू या. कोण कोण येतंय?'

चौदा जण तयार झाले. पाच गाड्या. अलकनंदाताई ढोकळा नेणार होत्या. सुमेधाने माझ्याकडे कौतुकाने बघितलं आणि म्हणाली, "मला वाटलं होतं तू हर्षवर्धनवर जळतोस. सॉरी हं गुरू." त्या एका 'सॉरी'ने मला रात्रभर झोप लागली नाही. वर ती म्हणाली, "मी पण जाते त्यांच्याबरोबर. तू येतोस ना?"

"माझं पोट बिघडलंय," मी म्हणालो. ते तोवर खरंच बिघडलं होतं.

शनिवारी पाच गाड्या गेल्या. मी दुपारीच झाड होऊन ब्रीडाच्या परसात उभा राहिलो. ऊन स्वच्छ. वारा नाही. ब्रीडा खुर्ची टाकून विणत बसली होती. एक तास गेला. नाकावर माशी बसली, मी हललो नाही. पाठीला खाज सुटली, हललो नाही. तपश्चर्या, तपश्चर्या म्हणतात ती हीच! आणि चारच्या सुमारास कानाशी भुणभुण झाली.

तो आला. माझ्यापासून हातभर अंतरावर, फुलासमोर थांबला. मागून ऊन, पंखांतून नारिंगी उजेड आरपार! मी कॅमेरा मिलिमीटर-मिलिमीटरने वर उचलला.

खिशातला फोन वाजला.

थरथरणारं झाड कुणी बघितलंय का? ते मीच होतो! फोन वाजतोय, पंख भुणभुणतायत, ब्रीडा म्हणतेय, "अरे, तुझं काहीतरी वाजतंय." मी बटण दाबून धरलं. वीस, तीस, चाळीस फोटो! मगच फोन घेतला.

"गुरू!" हर्षवर्धनचा आवाज चढला होता. "आम्हाला कारखान्याच्या सिक्युरिटीने धरलंय! पंधरा माणसं दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन कुंपणाला चिकटली होती ना! त्यांना वाटलं आम्ही कारखान्याचे फोटो काढतोय. पक्ष्याचं सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत. तू पाहिलायस ना, तू सांग त्यांना! स्पीकरवर टाकतो."

मागे अलकनंदाताईंचा आवाज येत होता, "अहो साहेब, ढोकळा तरी घ्या!" आणि कुणीतरी रडत होतं. ते सुमेधासारखं वाटलं.

मग एक जाड, शांत आवाज आला. "हॅलो. मी डेक्लन, गेटवर असतो. हे लोक हमिंगबर्डबद्दल बोलतायत. तू पाहिलास?"

"हो, हो! पाहिला! सोडा त्यांना!"

"इथे, आमच्या कुंपणाशी?"

मी डोक्यावरचा फोमचा गोळा सारखा केला.

"बरं, कसा दिसतो ते तरी सांग."

मी वर्णन केलं, आत्ताच फोटो काढलाय हेही बोलून गेलो. फुलासमोर थांबतो, पंखांचा धूर, नारिंगी झाक, लांब चोच. डेक्लन ऐकत होता.

"किती मोठा?"

"बोटाएवढा."

"मिशा आहेत का त्याला?"

"पक्ष्याला मिशा?"

"आता फोटो काढलास म्हणतोस ना? बघ की."

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा केला. फोटो असा आला होता, काय सांगू, हर्षवर्धनच्या सात पिढ्यांना जमला नसता! डोळा चमकतोय, परागाचा कण न् कण दिसतोय. मी अजून मोठा केला. डोक्यावर दोन मिशा. जाड, टोकाला वाकलेल्या. चोच नव्हतीच ती, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळता येणारी सोंड होती.

"पाय मोज," डेक्लन म्हणाला.

मी मोजले. पुन्हा मोजले. दहा वर्षांत मी कुठलीही गोष्ट इतक्या आशेने मोजलेली नाही.

"सहा," मी म्हणालो.

"मॉथ आहे तो! हमिंगबर्ड हॉकमॉथ! दर उन्हाळ्यात दक्षिणेकडून उडत येतात. माझ्या आईच्या भिंतीवर रोज असतो."

शॅननहून पंधरा माणसांचा निःश्वास सव्वादोन तासांचं अंतर कापून माझ्या कानात शिरला. मग डेक्लन हसायला लागला. इतका हसला की त्याने सगळ्यांना सोडून दिलं, आणि ढोकळ्याचे चार तुकडे खाल्ले असं मला नंतर कळलं.

"गुरू," स्पीकरवर सुमेधाचा आवाज आला. ती रडत नव्हती. रडणारी गिरिजा होती. "तू आत्ता, या क्षणी, कुठे उभा आहेस?"

खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती. "ब्रीडाच्या परसात," मी म्हणालो. "झाड होऊन."

ब्रीडाने टाके मोजत मान वर केली. "मॉथच की. मला वाटलं तुला ठाऊक आहे. तुम्ही लोक शास्त्रज्ञ असता ना?"

साडेसातला दारावरची बेल वाजली. सुमेधा आत आली, माझ्याकडे न बघता वर निघून गेली. तिच्यामागे हर्षवर्धन. एकटा. चारशे किलोमीटर आणि एक चौकशी, एवढं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"मी खोटं बोललो," मी म्हणालो. "मी जळत होतो तुझ्यावर. घरावर, गाडीवर, दाढीवर. हमिंगबर्डवर तर सगळ्यात जास्त."

तो सोफ्यावर बसला. मला वाटलं, आता हा मोठ्या मनाने माफ करणार, आणि ते मला अजिबात सहन होणार नाही.

"फोटो दाखव," तो म्हणाला.

मी कॅमेरा दिला. त्याने फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. त्याचा कान लाल झाला. तो लाल रंग मी ओळखला हो! दीड-दोन महिने रोज आरशात बघत होतो!

"हा हातात कॅमेरा धरून काढलास? उडताना?"

"हो."

"गुरू, कुणाला सांगू नकोस." त्याने जिन्याकडे बघून आवाज खाली आणला. "माझे जे फोटो आहेत ना, ते एका लॉजच्या बागेतले आहेत. साखरेच्या पाण्याची बाटली टांगलेली असते, तिच्यावर ते येतातच. मागे हिरव्या जंगलाचं चित्र छापलेलं कापड. चार बाजूंनी फ्लॅश, तेही गाइडनेच लावलेले. मी खुर्चीत कॉफी पीत बसलो होतो. बटण तेवढं दाबलं."

"आणि पहाटे चार? चिखल?"

"जंगलात गेलो होतो की पहाटे. तीन दिवस. एक हमिंगबर्ड दिसला नाही. चिखल दिसला." त्याने माझा फोटो पुन्हा बघितला. "म्हणून तर म्हटलं ना, मला नुसता बघायचाय. खुल्या रानातला एक तरी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याला ब्रीडाकडे नेलं. आम्ही दोघं भिंतीपाशी चहा घेत बसलो. युअर मॅन आला, गुलाबी फुलांवरून फिरला, गेला. हर्षवर्धनने बॅग उघडलीच नाही. मला त्याचं फार बरं वाटलं, आणि कॅमेरा काढला असता तर यालाही माझ्याएवढा जमला नसता, असंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटलं, काय करणार!

मधली भिंत आम्ही निम्मी-निम्मी वाटून घेतली. सुमेधा पाचव्या दिवशी बोलायला लागली. पहिलं वाक्य होतं, "त्या झाडाला धुवायला टाक." माझ्या फोटोखाली मी मराठीत स्वच्छ नाव लिहिलं, 'पतंग'. मॉथला मराठीत पतंगच म्हणतात. प्रामाणिकपणा म्हणजे प्रामाणिकपणा!

डिसेंबरात मंडळाचं नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं. बघतो तर जानेवारीच्या पानावर माझा फोटो! भोवती तिळगुळाच्या वड्यांची किनार, आणि खाली ठळक अक्षरांत, 'मकरसंक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा!' मी अलकनंदाताईंना फोन लावला.

"अहो, यादीत 'पतंग' लिहिलं होतं ना तुम्ही!" त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, वा, संक्रांतीला छान! फोटो छापखान्याने परस्पर लावले. आता तीनशे प्रती झाल्यात हो."

"आणि हर्षवर्धनचा हमिंगबर्ड?"

"तो नाही घेतला. प्रत्येक महिन्याला सण हवा ना! हमिंगबर्ड कुठल्या सणात बसवणार?"

म्हणजे बारा महिन्यांत मी आहे आणि तो नाही! मी लगेच त्याच्या घरी कॅलेंडर घेऊन गेलो. नुसतं द्यायला हो! त्याने जानेवारीचं पान बघितलं, अभिनंदन केलं, आणि हसत म्हणाला, "पुढच्या वर्षी पोळ्याचं पान माझं. गॉलवेजवळच्या एका शेतात जातिवंत बैल बघून ठेवलाय."

तेव्हापासून मला चैन नाही. मी नागपंचमी घ्यायची ठरवलीय. ब्रीडा म्हणते, या देशात साप नाहीत, एकही नाही. पण तुमच्यापैकी कुणाला आयर्लंडमध्ये नाग दिसलाच, तर कृपा करून ग्रुपवर टाकू नका. मला एकट्याला कळवा!